तीन फुल्यांचं बाळंतपण

रश्मीचं वागणं ताईबाईला कधीच पटलं नाही. सख्ख्या भावाची पोर, बारामतीत शाळेवर बाई, नवरा बँकेत. पण आत्याच्या दारात यायची ती वर्षातून एकदा, आणि चपला काढायच्या आधीच परतीच्या गाडीची वेळ विचारायची. बाकीचे पाहुणे येताना पेढे आणतात, पेरू आणतात. ही बया पिशवीतून बायकांचं मासिक काढायची, "आत्या, यात माझी कथा आलीय," म्हणायची आणि ते टेबलावर ठेवून जायची.

"खायचं न्हाय, ल्यायचं न्हाय. सोताचं नाव आणती भेट म्हणून," ताईबाई मागून म्हणायची. तोंडावरही म्हटलं असतं, पण छापील कागदापुढं तिची जीभ जरा आखडायची.

ताईबाई स्वतः दुसरी पास. यष्टीची पाटी वाचता यायची, सही यायची, संपलं. पण तिच्या सासऱ्यानं छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव्हारे उचलले आणि त्या कोनाड्यात पुस्तकं ठेवली, तेव्हापासून त्या घरात छापलेल्या अक्षराचा मान मोठा. कागदाला पाय लागला तर उचलून कपाळाला लावायचा. भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा आधी वाचायचा, मग चुलीत. "छापलंय म्हंजी धा शिकलेल्यांनी तपासलेलं आसतंय," असं ताईबाईनं आपल्या पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलेलं. धाकटी प्रियदर्शनी त्याच्यावरच वाढली, बी. ए. झाली, आणि इंदापुरात तहसील कचेरीत कारकून असलेल्या संघपालशी तिचं लग्न झालं.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात प्रियदर्शनी भवानीनगरला आली ती दोन पिशव्या घेऊन. एकीत कपडे, दुसरीत मासिकं.

कारखाना सुरू झालेला, हवेत मळीचा वास, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग. दुपारी ताईबाई ओसरीवर शेंगा फोडत बसायची आणि लेक पोटावर मासिक टेकवून मोठ्यानं वाचायची. शेजारची सिताराभाभीही सुपात तांदूळ घेऊन ऐकायला यायची.

गोष्ट रश्मीचीच. त्यातल्या बाईला दिवस जातात. ती एकदाच ओकते, तेही नवरा घरात असताना. तो लगेच ओळखतो आणि कपाळाचं चुंबन घेतो.

"तोंड न धुताच?" सितारानं विचारलं.

"गप गं भाभी. पुढं वाच," ताईबाई म्हणाली.

पुढं त्या बाईला चिंचा लागतात, आवळे लागतात, पावसात भिजावंसं वाटतं. नववा लागला तरी ती अबोली रंगाची साडी नेसून बागेत फिरते. पाय सुजत नाहीत. रात्री पाचदा उठावं लागत नाही. छातीत जळजळ नाही. सासू तिच्या केसांत गजरा माळते.

"कुठली सासू ही? पत्ता दिलाय का?"

"आई, ऐक ना! आता बाळंतपण आहे." प्रियदर्शनीनं घसा साफ केला. "'तिनं त्याचा हात घट्ट धरला.' मग तीन फुल्या आहेत. मग, 'पहाटेच्या कोवळ्या उजेडात तिनं आपल्या सोनुल्याकडं पाहिलं आणि त्या पहिल्याच नजरेत तिच्या रोमरोमांतून वात्सल्याचा झरा वाहू लागला.'"

ताईबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हात धरला आन् पहाट झाली? मधी काय झालं?"

"मधे तीन फुल्या."

"बघू."

लेकीनं मासिक पुढं केलं. खरंच, पानाच्या मधोमध तीन फुल्या, बाकी कोरं.

"माझ्या पयल्या येळंला मी नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या," ताईबाई म्हणाली, "आन् ह्या बाईचं समदं तीन फुल्यांत उराकलं! झ्याक हाय." सितारा इतकी हसली की सुपातले तांदूळ सांडले. प्रियदर्शनी मात्र हसली नाही. तिनं पान दुमडून ठेवलं, परत वाचायला.

पुढं तिचीही वेळ आली. दवाखान्यात एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस गेला. मुलगा झाला, नाकीडोळी नीट, रडायला खणखणीत. टाके पडले. ताईबाईनं डिंकाचे लाडू वळले, खोलीत शेक-शेगडी ठेवली, सितारा रोज बाळाला पायावर घेऊन तेल चोळायला येऊ लागली. सगळं यथासांग. फक्त बाळंतीण गप. पाज म्हटलं की पाजायची, झोप म्हटलं की डोळे मिटायची. बाळाकडं बघायची ती चोरून, परीक्षेचा निकाल लागलेल्या भिंतीकडं बघावं तशी.

रविवारी नामकरण ठरलं. विहारात बौद्धाचार्य येणार, इंदापूरहून सासरची मंडळी येणार, पंचशील होणार, मग आईनं बाळाला मांडीवर घेऊन सगळ्यांपुढं बसायचं. शुक्रवारी सकाळी प्रियदर्शनी म्हणाली, "आई, रविवारी बाळाला तू घेऊन बस. मी घरीच थांबते."

"का? पोर काय चोरून आणलंय?"

"लोकांना कळेल."

"काय कळंल?"

लेक भिंतीकडं तोंड करून बोलली. "मला काहीच वाटत नाही त्याच्याकडं बघून. यष्टीत शेजारची बाई म्हणते ना, जरा धरा माझ्या बाळाला, तिकीट काढते. तसं वाटतं. ती बाई येईल आणि घेऊन जाईल म्हणून मी वाट बघते."

"आगं, टाक्यांनी आंग ठणकतंय, झोप न्हाय. आमाला तरी कुठं काय वाटायचं? धुणं आन् चूल, त्यात..."

"तुझं वेगळं, आई. तुला वेळच नव्हता. मी शिकलेली आहे. पहिल्याच नजरेत व्हायला पाहिजे ते. रश्मीताईनं लिहिलंय. एकदा नाही, प्रत्येक कथेत. तिला स्वतःची मुलगी आहे. आणि छापलेलं खोटं नसतं, तूच म्हणतेस. मग खोटी मीच ना?" मग अगदी हळू म्हणाली, "नामकरण झालं की बाळ इथंच ठेव. मी एकटी इंदापूरला जाते. तुझ्याकडं नीट वाढेल."

ताईबाई बाहेर आली. ओसरीवर तिचे मालक भानुदासराव पेपर वाचत होते. "थकलीय पोरगी," ते म्हणाले, "हुईल आपोआप."

"तुमी बोलू नगा. पोरं झाली तवा तुमी कारखान्यात पाळीवर हुता. तुमचं बी तीन फुल्यांतच झालंय."

तिनं इरकल नेसली, सिताराला बाळाजवळ बसवलं आणि पहिली गाडी धरून बारामती गाठली.

रश्मीच्या दारातली फरशी ओली होती. शाळेला रजा टाकून ती लिहीत बसलेली, टेबलावर कागद पसरलेले, पेनाचं टोपण तोंडात. आत्याला बघून ती गडबडली. "आत्या, तुम्ही? अचानक?"

"बाळंतविडा मागायला आले."

बाळंतविडा नातेवाइकांनी आपण होऊन न्यायचा असतो, मागायचा नसतो. रश्मीचा चेहरा उतरला. "मी रविवारी आणणारच होते. अंगडं-टोपडं शिवून आणलंय, साजूक तूप..."

"ते ठेव तुझ्यापाशी. काय लिवतीस?"

"मातृत्व विशेषांक आहे. संपादकबाईंना परवापर्यंत कथा हवीय."

"हात धरला का तिनं नवऱ्याचा?"

"कुणी?"

"तुझ्या बाईनं. न्हाय, पुढं फुल्याच यायच्या म्हणून इचारते." ताईबाई खुर्चीत टेकली. "रश्मे, तुझी सुजाता झाली तवा तू सुप्याला आईकडं हुतीस. मी नामकरणाला आले, पोर बगितली, जेवून गेले. आदी काय झालं मला ठावं न्हाय. तुझा झरा कवा फुटला? पयल्या नजरंला?"

रश्मीनं कागद गोळा करायला घेतले. मग ते हातातच राहिले. "आत्या, तसं लिहावं लागतं. वाचकांना प्रसन्न वाटलं पाहिजे."

"वाचकांचं ऱ्हाऊ दे. तुला काय वाटलं ते इचारते."

रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं, तसं ताईबाईनं काय ते ओळखलं आणि प्रियदर्शनी काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. यष्टीतली बाई, तिकीट, सगळं. रश्मी ऐकता ऐकता खाली बसली.

"ती माझ्या कथा वाचून असं म्हणाली?"

"माझं पोर माझ्यावर इस्वास ठेवीना. मी अडाणी. तुझ्यावर ठेवती, तू छापलेली. तवा तूच येऊन सांग. माझा बाळंतविडा त्योच. चप्पल घाल."

"पण आत्या, असलं कसं सांगायचं? काय म्हणेल ती मला?"

"चप्पल घाल म्हणते ना."

दुपारी दोघी भवानीनगरला उतरल्या. खोलीत शेगडीची ऊब, ओव्याचा वास. सितारा बाळाचे पाय चोळत होती. रश्मीला बघून प्रियदर्शनीनं पदर सारखा केला आणि बळंच हसली, गोष्टीतल्या बाईसारखी.

रश्मी खाटेच्या कडेवर बसली. पहिल्यांदा शाळेतल्यासारखं बोलू लागली, "हे बघ प्रियू, प्रत्येक स्त्रीचा अनुभव..."

"मराठीत सांग," ताईबाई दारातून म्हणाली.

मग रश्मीनं सांगितलं. सुजाता रडायला लागली की ती न्हाणीत जाऊन नळ सोडून बसायची, आवाज येऊ नये म्हणून. बादली भरून वाहायची, आई बाहेरून ओरडायची, तरी बसायची. एकदा बाळाला पाळण्यात ठेवून ती सुप्याच्या स्टँडवर जाऊन उभी राहिली होती. पुण्याची गाडी आली, कंडक्टरनं विचारलं, "बाई, येणार का?" आणि दूध उतरून पोलकं ओलं झालं म्हणून लाजेनं ती घरी परत आली.

"मायेनं नाही गं, पोलक्यापायी परत आले," रश्मी म्हणाली.

प्रियदर्शनी तिच्याकडं बघतच राहिली. "आणि तरी तू तसं लिहितेस?"

"तेव्हा वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी होतं. इतरांचं कथेसारखं होत असेल. मग मी मला जसं व्हायला हवं होतं तसं लिहीत गेले."

"मग माया कधी आली?"

"तारीख नाही सांगता येणार. एकदा सुजाता शिंकली आणि आपल्याच शिंकेला दचकली. असा चेहरा केला, शेजारचंच कुणी शिंकलंय जणू. मला हसू आलं. त्यानंतर मी नळ सोडला नाही."

सितारानं मध्येच तोंड घातलं. "आमच्या सद्दामच्या टायमाला मी ह्यांना म्हणले, हे पोर लई रडतंय, दवाखान्यात परत करून या. तर ह्यांनी खरंच टोपी घातली!"

प्रियदर्शनी फसकन हसली. लगेच पोट धरलं. "हसवू नका गं, टाके ओढतात!" आणि परत हसली. हसता हसता रडू लागली, आणि कुणी तिला गप केलं नाही. तेवढ्यात तेल लावलेलं पोर सिताराच्या पायावर किंचाळायला लागलं.

"आण इकडं," प्रियदर्शनी नाक पुसत म्हणाली. "भूक लागली असेल त्याला. आण गं भाभी, असं नको धरू, मान सांभाळ." तिनं त्याला घेतलं, पदराखाली ओढलं, आणि सगळ्यांकडं रागानं बघितलं. "अजून झरा-बिरा काही आलेला नाही हां. सांगून ठेवते."

"नसू दे," ताईबाई म्हणाली. "दूध आलंय न्हवं? रविवारी बसशील?"

"बसते. पण फोटोत हसणार नाही."

"नगंच हसू. सासरच्यांना जरा भ्याव बी पायजे."

संध्याकाळच्या गाडीला ताईबाई रश्मीला फाट्यापर्यंत सोडायला गेली. चालता चालता रश्मीनं विचारलं, "आत्या, हे आज घडलं ते लिहू का? न्हाणीचं, स्टँडवरचं? संपादकबाई छापतील की नाही कोण जाणे. पण तुम्हाला काय वाटतं?"

गाडी दिसू लागली होती. ताईबाई थांबली, भाचीकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"रश्मे, लिवतीस तू ग्वाड, त्यात वाद न्हाय. पर तुझ्या गोष्टीतल्या बाळंतिणीला तू लई छळतीस बघ. पोर झाल्या झाल्या तिला हसवतीस, साडी नेसवतीस, झरं फोडायला लावतीस. आगं, सासू बी इतकी हालकट आसत न्हाय! आदी तिला पोटभर जेवू घाल, झोपू दे, रडायचं आसंल तर रडू दे. एवढं लिवलंस तर पुढच्या येळंला मासिक घिऊन ये, मी प्रियूकडनं वाचून घीन. न्हायतर येताना पेढे आण."