मोगरीच्या कासेतला बिऱ्हाडकरू

मी एक जुना जंतू आहे, मित्रांनो. किती जुना, ते मलाही सांगता येणार नाही, कारण मी म्हातारा होतच नाही. पोट भरले की मी मधोमध दुभंगतो आणि आमचे दोन होतात. मग दोघेही म्हणतात, "जुना तो मीच." दोघांचेही खरे असते.

पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाचे फड संपून नव्या सोसायट्या सुरू होतात, तिथे यमुनाबाईंचा गोठा आहे. त्यांची मोगरी नावाची गाय हे माझे घर. तिच्या कासेत ऊब आहे, अंधार आहे आणि दूध आहे. यमुनाबाईंच्याच बोटांवरून मी तिच्या सडात शिरलो. त्या बोटांवर माझा अजून जीव आहे.

मी वाढलो तशी कास सुजली, तापली, कडक झाली. गोठ्यात या दुखण्याला दगडी म्हणतात. दुधात गुठळ्या दिसल्या तेव्हा डॉक्टर आम्रपाली आल्या आणि त्यांनी सडात औषधाची पहिली ट्यूब सोडली. तो दिवस मी विसरलेलो नाही. माझी भावंडे शेजारी फुटत होती, आवाज न करता. मी जन्मापासून जरा चिवट, म्हणून अर्धमेला होऊन कोपऱ्यात पडून राहिलो.

जाताना डॉक्टर म्हणाल्या, "यमुनाबाई, दूध पांढरं दिसलं तरी सगळ्या ट्यूबा संपवा. मी सांगेपर्यंत हिचं दूध कुणाला घालू नका. आणि हिची धार सगळ्यांत शेवटी काढा."

आता माझे दिवस भरले, असे मला वाटले.

पण मोगरी पडली घरची लाडकी. पहिली धार तिचीच काढायची आणि त्यातले चार थेंब आधी धरणीमातेला सोडायचे, ही त्या गोठ्याची रीत. आजारपणातही ती मोडली नाही. त्या थेंबांतून मी जमिनीवर उतरत होतो. तिथेच बाकीच्या गायी बसत. मग तेच हात पुढच्या गायीच्या कासेला लागत.

लवकरच दूध पांढरे झाले. सून दीपमाला म्हणाली, "आत्या, अजून ट्यूबा हायेत. डॉक्टरांनी संपवायला सांगितल्यात."

"दूध निवळलंय की. रतिबाची माणसं खोळंबल्यात," यमुनाबाई म्हणाल्या. "ऱ्हायलेल्या ठेव फ्रिजात. दुसरीला कामाला येतील."

फ्रिजचे दार लागले आणि मी सावकाश दुभंगलो. आता कासेत उरले होते ते सगळे माझ्यासारखेच चिवट.

पुढे गोठ्यात मोगरीशेजारी बांधलेल्या गायीची कास सुजली. जपून ठेवलेल्या ट्यूबा तिच्या सडात आल्या. मी त्या औषधात निवांत पोहलो. तोवर मोगरीची कास पुन्हा कडक झाली होती. डॉक्टरांनी दूध तपासायला पाठवले, औषधे बदलून पाहिली. शेवटी सड दाबून त्या हळूच म्हणाल्या, "नेहमीचं एकही औषध लागू पडत नाही. कास गेली हो, यमुनाबाई."

मोगरीचे वासरू कासेला ढुशा देत राहिले. काही उतरले नाही. मलाही वाईट वाटले. घर पडले की बिऱ्हाडकरूला वाईट वाटतेच.

यमुनाबाई त्या दगडासारख्या कासेवर हात ठेवून रडत बसल्या. त्यांच्या अंगठ्याला कामाने चीर पडली आहे. दुसऱ्या सकाळी अंगठा लाल होऊन ठणकू लागला.

"आत्या, दवाखान्यात चला," दीपमाला म्हणाली.

"एवढ्याशाला कशाला? मागच्या खोकल्याच्या गोळ्या उरल्यात डब्यात. त्यातल्याच घेते एक-दोन."

मित्रांनो, जुन्या जिवांची काळजी घ्यावी, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. माझीही तेवढीच विनंती आहे. बरे वाटू लागले की औषध थांबवत जा. उरलेले जपून ठेवत जा. माझ्यासाठी.

इथेही ऊब आहे, अंधार आहे. मी आत आलो आहे.