सव्वीस नंबरचं न्हाणीघर

निबियानं छिन्नीचं टोक फरशीच्या कडेखाली सरकवलं आणि हातोडीचा एकच हलका ठोका दिला. गुरुवारी तिनंच बसवलेली पांढरी फरशी भिंतीपासून सुटली, तिच्या तळहातावर आली आणि मधोमध तडकली.

"तिसऱ्यांदा," दारातून आवाज आला. "निबियाबाई, या भिंतीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

हेबेर मुकादम उभा होता. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते नावाच्या कडू चहाचा भोपळा. त्यानं नळीनं एक घोट ओढला आणि उरलेला भोपळा तिच्यापुढे धरला. तिनं हात पुसून घेतला.

"वाकडी होती," ती म्हणाली.

"किती?"

"तांदळाएवढी."

हेबेरनं मागच्या खिशातून पाणसळ काढली आणि तडकलेल्या फरशीच्या शेजारच्या ओळीवर टेकवली. बुडबुडा मध्यावर जाऊन स्वस्थ उभा राहिला. तो थोडा वेळ त्या बुडबुड्याकडे बघत राहिला. मग पाणसळ खिशात गेली.

"हे बघा, सोमवारी सरकारी तपासनीस येतोय. तुमच्या या बारा फरशा सोडल्या तर तीसच्या तीस घरं तयार आहेत. सिमेंटचा मसाला वाळायला एक दिवस हवा, म्हणजे आज दुपारपर्यंत त्या लागल्याच पाहिजेत. नाही लागल्या तर त्याची पुढची फेरी दीड महिन्यानं. आता हे मी तुम्हाला सांगायचं?"

"लागतील."

"मागच्या शनिवारीही लागणार होत्या." त्यानं भोपळा परत घेतला. "माझं काय, मी पगारी माणूस. मंगळवारी पाईसांदूच्या साइटवर जाईन. पण बाहेरचे आता तोंडावर विचारायला लागलेत. मी किती दिवस नुसतं खोकून वेळ मारून नेऊ?"

तो गेला. निबियानं तडकलेले तुकडे बादलीत टाकले, आवाज होऊ न देता.

तीन वर्षं झाली होती. मोंतेविदेओच्या कडेला, जिथं बस वळून माघारी जाते, तिथं घरबांधणीच्या सहकारी मंडळीनं ही जमीन घेतली तेव्हा तिच्यावर गुडघाभर गवत होतं. कुणी बेकरीतलं, कुणी बंदरातलं, कुणी इस्पितळात लाद्या पुसणारं. नियम साधा होता: प्रत्येक घरानं आठवड्याला एकवीस तास हातानं राबायचं. आणि कुठलं घर कुणाचं हे सगळी घरं उभी राहिल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणून तीन वर्षांत कुणी एकही भिंत माझी म्हणून बांधली नाही. विटा हातोहात जायच्या तेव्हा एकानं आकडा म्हणायचा आणि बाकीच्यांनी तो उचलायचा, कीर्तनात बुवांनी सोडलेला चरण टाळकरी उचलतात तसा. त्या रांगेत निबिया मध्यभागी असायची. डावीकडून वीट यायची, उजवीकडे जायची, आणि दोन्हीकडून कुणी ना कुणी काही तरी बोलत असायचं.

शिवणाच्या कारखान्यात ती तीस वर्षं होती. तो बंद पडला. आईचं करता करता लग्न राहिलं, मग आईही गेली. आता जुन्या वस्तीतल्या एका भाड्याच्या खोलीत ती राहायची. साइटवर काम नसलेल्या दिवसांनंतर दुकानात अर्धा किलो पीठ मागताना तिचा आवाज खरखरीत निघायचा. दुकानदार विचारायचा, "सर्दी झाली का हो?" ती हो म्हणायची. सर्दी नसायची. आवाज दोन दिवसांत वापरलाच गेलेला नसायचा, एवढंच.

चिठ्ठ्या निघाल्या की प्रत्येक जण आपापलं दार उघडून आत जाणार होता आणि आतून ते लावून घेणार होता. निबियानं हे मनातसुद्धा कधी शब्दांत मांडलं नव्हतं. तिच्या हातांना मात्र ते ठाऊक होतं.

"मावशी, मसाला!"

यानिना दोन्ही हातांनी बादली ओढत आत आली. सव्वीस वर्षांची, दोन पोरांची आई, पहाटे चारला बेकरीत पाव भाजून मग इथं यायची. केसांत पीठ होतं की चुना, सांगता आलं नसतं.

"हळू. कंबर मोडेल."

"कंबर कधीच मोडली. आता नुसती सवयीनं उभी आहे." ती उंबऱ्यावर बसली. तिची नजर भिंतीतल्या उघड्या चौकोनावर गेली. "आणखी एक काढलीत?"

"वाकडी होती."

"असेल." यानिनानं थापी उचलली आणि बादलीत फिरवायला लागली. "बाहेर बायका काय वाट्टेल ते बोलतात. निबिया मुद्दाम लांबवते म्हणे. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तिच्या हातचं काम बघा आधी. चूक दिसली तर ती काढणारच. तुमच्यासारखी नाही, चिकटवलं की झालं."

निबिया भिंतीवरचा जुना मसाला खरवडत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"तू कशाला भांडायला गेलीस?"

"मग काय ऐकून घेऊ? माझ्या मावशीबद्दल?"

बाहेर अंगणात मोठ्या पातेल्यात मसुराचा गिसो, दाट रस्सा, चढला होता. कांदा आणि चोरिसो सॉसेजचा वास खिडकीतून आत येत होता. शनिवारचं जेवण सगळ्यांचं एकत्र असे.

"घर मिळालं की पहिलं काय करशील?" निबियानं विचारलं. तिला विषय बदलायचा होता.

"दार लावेन."

"दार?"

"पोरं नवऱ्याच्या गळ्यात बांधेन, दोघांना समुद्रावर घेऊन जा म्हणेन, आणि दार लावून एक तास एकटी बसेन."

"आणि?"

"आणि काही नाही. बसेन." यानिना हसली. "तुम्हाला गंमत वाटेल. सासूच्या घरी दोन खोल्यांत आम्ही अकरा जण. रडायचं म्हटलं तरी न्हाणीघरात जावं लागतं, आणि तिथंही डोळे पुसायच्या आत कुणीतरी दार बडवतं. यानिना, झालं का? यानिना, साबण कुठंय? सहा वर्षं झाली, मावशी. कुणाला सांगू नका हं, मी बसमधून आमच्या स्टॉपवर कधी कधी उतरतच नाही. मुद्दाम. शेवटच्या स्टॉपला बस रिकामी होते ना, तेवढी दोन मिनिटं मिळतात. मग चालत मागे येते. घरी सांगते, झोप लागली."

निबियानं मान वर केली. पोरीच्या डोळ्यांखाली दोन काळी बोटं ओढल्यासारखी होती. तीन वर्षं रोज दिसणारा चेहरा होता हा.

"तुमचं बरं आहे बाई," यानिना म्हणाली. "स्वतंत्र खोली. कुणाची कटकट नाही."

"हो," निबिया म्हणाली. "माझं बरं आहे."

तिनं खरवडणी खाली ठेवली, कमरेला बांधलेल्या फडक्याला हात पुसले आणि उठली. न्हाणीघरासमोर झोपण्याची खोली होती. नवा रंग, रिकामी जमीन, खिडकीबाहेर माळ. तिनं ते दार सताड उघडलं.

"जा. बस."

"काय?"

"एक तास म्हणालीस ना. बस आत."

"अहो, काहीतरीच! आज माझे चार तास भरायचेत. मुकादम विचारेल."

"बारा फरशा लावायच्या आहेत. त्याला दोन बायका कशाला लागतात? ऊठ."

यानिना आधी हसली. मग निबियाच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली. उठली, उंबऱ्यावर बूट काढून ठेवले, देवळात जाताना ठेवावेत तसे, आणि मोज्यांनीच आत गेली. निबियानं दार ओढून घेतलं.

आधी आतून चार पावलं ऐकू आली. मग खिडकी उघडल्याचा आवाज. मग काही नाही.

निबियानं थापीनं मसाला पसरला आणि पहिली फरशी टेकवली. रबरी हातोडी हातात घेतली, क्षणभर बंद दाराकडे पाहिलं आणि ती परत ठेवून दिली. फरशी तिनं तळहातानं दाबली, हळूहळू, मळलेल्या कणकेवर दाब द्यावा तशी. दुसरी. तिसरी. खोलीत पोरगी झोपली होती, रडत होती की नुसती माळाकडे बघत होती, कळत नव्हतं. ते कळून घ्यावं असंही तिला वाटलं नाही.

सातवी फरशी बसली ती एका कोपऱ्यात जरा पुढे आली. खरोखरच आली. ठोकल्याशिवाय मागे गेली नसती. निबियानं तिच्यावरून बोट फिरवलं. मग आठवी उचलली.

बारावी लागली तेव्हा अंगणात लोखंडी पट्टी वाजली. जेवण तयार होतं. बाकं सरकवल्याचे, थाळ्यांचे, पोरांचे आवाज एकदम वर चढले. पुढच्या शनिवारी पातेलं चढायचं काही कारण नव्हतं.

हेबेर आत आला. त्यानं भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली, ओल्या मसाल्याला धक्का न लावता अंगठा फिरवत सातव्या फरशीपाशी थांबला, आणि तिच्याकडे वळला.

"ही?"

"राहू दे."

त्यानं अंगठा पँटला पुसला. "ठीक," तो म्हणाला. "चला मग. सगळे तुमच्यासाठी थांबलेत. यानिना कुठं दिसत नाही ती?"

"मला काय ठाऊक."

"आत कोण आहे?"

"कोणी नाही. मी एकटीच आहे."

उंबऱ्यावरच्या बुटांवरून हेबेरची नजर बंद दारापर्यंत गेली आणि परत आली. त्यानं घसा खाकरला.

"तुमची थाळी झाकून ठेवू?"

"दोन ठेव."

तो थर्मास आणि भोपळा तिथंच ठेवून पावलं न वाजवता निघून गेला.

निबिया बंद दारासमोर जमिनीवर बसली. पाठ दाराला टेकू नये म्हणून जरा पुढे सरकली. भोपळ्यात पाणी ओतलं. अंगणात कुणीतरी काही बोललं आणि सगळं बाक हसलं. मग कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली, पुन्हा मारली.

तिनं ओ दिली नाही.