चढवलेली चार वर्षं

"बारा पॉइंट सहा," रक्तपेढीची हेतल म्हणाली.

चंद्राबाईनं टोचलेलं बोट कापसात दाबून धरलं होतं. "परत एकदा सांग गो बाय. मोठ्यानं सांग."

"बारा पॉइंट सहा, काकी. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. तुमचं त्याच्या वर आहे."

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या तीन रक्तदान शिबिरांत चंद्राबाई याच टेबलापासून मागं फिरली होती. पहिल्यांदा साडेनऊ भरलं, मग दहा, मागच्या वर्षी अकराच्या जरासं वर. "तुमचं रक्त तुम्हालाच पुरत नाही," असं ऐकून ती घरी गेली आणि हट्टाला पेटली. वर्षभर नाचणीची भाकरी, गूळ-शेंगदाणे, ओहोटीला खडकावर जाऊन फोडून आणलेली कालवं. दवाखान्यातल्या लाल गोळ्यांतली एकही चुकवली नाही. शेजारणी चेष्टा करायच्या, "लगीन ठरलंय काय गो तुजं, एवढी अंग धरतेस ती?"

हट्ट उगाच नव्हता. सात वर्षांपूर्वी तिची एकुलती लेक मनाली बाळंत झाली आणि रक्त थांबेना. डॉक्टरांनी तीन पिशव्या सांगितल्या. "घरचं कुणी देणारं आहे का?" असं विचारल्यावर नवरा विठोबा म्हणाला, "जरा चा पिऊन येतो." गेला तो दोन तासांनी आला. तोवर कुणा अनोळखी माणसांचं रक्त पोरीच्या अंगात गेलं होतं आणि तिच्या ओठांना रंग आला होता. त्या माणसांची नावं चंद्राबाईनं विचारली, तर नावं सांगत नसतात म्हणाले. थळच्या कोळीवाड्यात शेजारणीकडून कालवणाचं भांडं आलं तर ते कुणी रिकामं परत करत नाही, मूठभर तांदूळ तरी घालतातच. इथं भांडं कुठल्या दारी न्यायचं तेच ठाऊक नव्हतं. मग तिनं ठरवलं, आपणही कुणा अनोळखी माणसाला द्यायचं. त्या चहाबद्दल ती नवऱ्याला कधी बोलली नाही. त्यानंही विषय काढला नाही.

यंदाचं शिबिर तर तिनंच उभं केलं होतं. आधीची तिन्ही रविवारी झाली. फलक लागले, मोबाइलवर निरोप फिरले आणि माणसं आली दहा. मग ती स्वतः जाऊन रक्तपेढीच्या साहेबांना सांगून आली, "रविवार तुमचा. आमचा रविवार अष्टमीला. तवा पाण्याला जोर नसतो, होड्या किनाऱ्याला असतात. तवा या." शिवाय मोबाइलवरच्या निरोपानं कोळीवाडा हलत नाही, हेही तिला माहीत होतं. बोलावणं कसं, उंबऱ्यावर जाऊन करावं लागतं. हळदीकुंकवाचा करंडा आणि सुपाऱ्या घेऊन ती लग्नाच्या बोलावण्यासारखी घरोघर फिरली. बाईमाणसाला कुंकू, बाप्याच्या हातात सुपारी. "अष्टमीला हॉलवर या. पहिली बाटली माजी."

म्हणून आज चाळीसेक माणसं आली होती आणि पहिली बाटली कधी भरते याची वाट बघत बसली होती.

"आता आधार कार्ड द्या," हेतल म्हणाली. तिनं कार्ड बघितलं, चंद्राबाईकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "काकी, यावर तुम्हाला बासष्ट होतात."

"मंग?"

"पहिल्यांदा देणाऱ्याचं साठच्या पुढं घेत नाहीत. आधी कधी दिलेलं असतं तर पासष्टपर्यंत चाललं असतं. मागच्या वेळी तुम्ही बोट टोचूनच परत गेलात, कार्ड बघायची वेळ आली नाही."

चंद्राबाई हसली. "अगो, ते कार्ड खोटं हाय. मी अठ्ठावन्नाची."

आणि ते खरं होतं. कार्डं निघाली ती याच हॉलमध्ये. चंद्राबाई शाळेत गेलेली नव्हती, दाखला नव्हता. रांगेत पुढं उभ्या असलेल्या सदा तांडेलानं कानात सांगितलं, "चार वर्षं चढवून सांग वहिनी. एसटीचं म्हातारपणाचं अर्धं तिकीट लवकर लागंल." मासळीची पाटी घेऊन ती रोज एसटीनं जायची. तिनं चार वर्षं चढवली. लिहिणाऱ्यानं जन्मतारीख म्हणून एक जून टाकून दिला. पुढं सरकारनं सगळ्याच बायांना अर्धं तिकीट केलं आणि ती चार वर्षं चेष्टेपुरती उरली. विठोबा एकोणसाठचा. त्यानं स्वतःचं वय खरं सांगितलं होतं, त्यामुळं कागदावर बायको नवऱ्याहून तीन वर्षांनी मोठी. वाड्यात तिला 'थोरली' म्हणायचे.

"जन्माचा दुसरा काही कागद आहे?" हेतलनं विचारलं.

"आमच्यात कुनाच्या जल्माचा कागद असतो? आय सांगायची, मामाची नवी होडी पान्यात पडली त्या नारळी पुनवंची मी. आता मामाला कुठून आणू?"

"मग मला घेता येणार नाही, काकी."

चंद्राबाई वळली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलली. "मी खोटं बोलले व्हते. अर्ध्या तिकिटापायी. लिव तिथं तसं, मी अंगठा देते."

डॉक्टर आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कार्डावर असेल तेच वय धरावं लागतं, असं सांगितलं. नियम तिच्याच जिवासाठी होता, हेही सांगितलं. भांडण्यासारखं काही उरलं नाही.

मागं खुर्च्या सरकल्या. "चला रं," सदा तांडेल उठला. "थोरलीलाच न्हाय घेतलं, आपलं काय घेतात!" दोघंतिघं चपला शोधायला लागले.

"सदा! बस खाली!" चंद्राबाई कडाडली. "सुपारी देऊन बोलावलंय तुला. नवरी रुसली म्हनून पंगत उठते काय? आनि चार वर्षं चढव, हे सांगितलंस कुनी?"

हॉल हसला. सदा कान पकडून पुढं आला. "घे गो बाय, माजी बाटली घे. ज्याला लागंल त्याला चढंल."

"रात्री घेतली होती का?" हेतलनं विचारलं.

"जराशी."

"मग पुढच्या शिबिराला या. आज चहा वाटा."

हसू ओसरलं. चपला शोधणारे बसले खरे, पण पुढं कुणी येईना. जो तो शेजारच्याला कोपर मारत होता.

चंद्राबाई बाहेर ओट्यावर आली. विठोबा सकाळपासून तिथं जाळं सांधत बसला होता. बायकोला सोडायला म्हणून आला होता, आत पाऊल टाकलं नव्हतं. उघड्या खिडकीतून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"न्हाय घेतलं?"

"न्हाय."

त्यानं दोन गाठी मारल्या. ती त्याच्या बाजूला बसली. पदरानं तोंड पुसलं, मग तोच पदर बराच वेळ तोंडाशी धरून राहिली. वाटलं होतं त्याहून जास्त लागलं होतं. मग काही बोलायचं म्हणून, रोजच्या सवयीनं ती म्हणाली, "आत चा केलाय. चा घेनार काय?"

विठोबाचा हात थांबला. ती टोचून बोलली नव्हती, हे त्यालाही कळलं. तरी त्याची मान खाली गेली ती वर येईना.

"चा मागनं," तो म्हणाला आणि जाळं बाजूला ठेवून उठला.

टेबलापाशी त्यानं खिशातून कार्ड काढून ठेवलं. "जाळं खेचायची ताकद जाते काय गो?"

"उद्यापर्यंत जड ओढू नका, पाणी भरपूर प्या. एवढंच."

"होड्या बारशीबगर निघत न्हाईत, चार दिस हायेत," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

त्याचं चौदा भरलं. साठीला अजून सात महिने होते. खाटेवर आडवा झाल्यावर तो पंख्याकडं बघत राहिला. वादळात सुकाणू न सोडणारा माणूस, त्याचा हात सुईपासून मागं सरकत होता. चंद्राबाईनं तो मनगटाशी धरला. सुई आत गेली. नळी लाल झाली आणि खालची पिशवी हळूहळू फुगायला लागली. मागं रांगेत दोघं उठून उभे राहिलेले तिनं पाहिले.

"त्या दिशी दवाखान्यात मी..." विठोबा पंख्याकडं बघतच म्हणाला.

"हात हलवू नका," ती म्हणाली.

पिशवी भरली. हेतलनं नळी बंद केली, चिठ्ठी चिकटवली. पेटीकडं वळणार तेवढ्यात चंद्राबाईनं दोन्ही हात पुढं केले.

"जरा धरू?"

हेतलनं इकडंतिकडं बघितलं आणि पिशवी तिच्या ओंजळीत ठेवली. जन्मभर बर्फातली मासळी उचलून तिचे तळवे बधिर झाले होते. पिशवी हातात आल्यावर ती दचकली.

"गरम हाय गो," ती हळूच म्हणाली.

हेतलनं पेटीचं झाकण उघडून धरलं. चंद्राबाईनं पिशवी लगेच आत ठेवली नाही.