बाकांवर बसलेल्या आया

ठकीचं डोकं फक्त शाळेच्या दिवशी दुखायचं. सुट्टीच्या दिवशी तिच्या उड्यांनी खालच्या मजल्यावरची मंडळी वैतागायची, आणि शाळा सुरू झाली की हीच पोरगी दुपारी घरी येऊन बूटही न काढता कोचावर मुटकुळं करून पडायची. तिची आई दातांची डॉक्टर होती. दवाखान्यात दिवसभर पोरांची नाटकं बघण्यात तिचा वेळ जायचा, त्यामुळे हेही तिला नाटकच वाटलं. बाबा बस चालवायचे. त्यांचं म्हणणं, मुलीला गणित नको असेल. डोळे तपासून झाले, चष्मा निघाला नाही. थंडी कडक पडली होती आणि थंडीत मुलं मरगळतातच, असं दोघांनी एकमेकांना समजावलं.

मग एक दिवस शाळेतून फोन आला. ठकीला उलटी झाली होती, घेऊन जा म्हणाले.

ठकीचा वर्ग तळघरात होता. शाळेतल्या मुलांची संख्या वाढली तेव्हा तिथली अडगळीची खोली रिकामी करून, रंग देऊन तिचा वर्ग केला होता. अर्ध्या भिंतीपर्यंत जमीन, वर रस्त्याच्या पातळीवर रुंद खिडक्या, त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. आई दारात पोचली आणि थबकली. तिच्या ओळखीचा वर्ग म्हणजे कलकलाट. इथे चिडीचूप होतं. भिंतीपलीकडे बॉयलर घुरघुरत होता तेवढाच आवाज. मुलं बाकांवर तीन-तीन दाटीवाटीने बसली होती, कोपर हलवायलाही जागा नव्हती. आणि खिडकीजवळचा तिसरा बाक मोकळा होता.

वर्गाच्या बाई नवीन होत्या, जेमतेम वर्ष झालं असेल. त्या कपाळ चोळत म्हणाल्या की सांगून थकले, रागावून पाहिलं, पण त्या बाकावर कोणी बसत नाही. आधी मुलं सारखी खिडकी उघडायची. बाहेर बर्फासारखा वारा, आणि यांचं आपलं एकच. आता नव्या खिडक्या बसल्यापासून ती कटकट मिटली. नव्या खिडक्या उघडतच नव्हत्या.

त्या खिडक्या पालक-शिक्षक संघाने शाळेला दिल्या होत्या. आईला ते चांगलं ठाऊक होतं, कारण संघाची चिटणीस तीच होती.

घरी जाताना तिने ठकीला सहज विचारलं, तिथे कोणी का बसत नाही?

"तिथे ती बसते," ठकी म्हणाली.

"ती कोण?"

"माहीत नाही. तिला नाव विचारलं तर सांगत नाही."

"मग करते काय?"

ठकीने आईचा हात सोडला, मान वळवली आणि हात लांब करून रस्त्यापलीकडच्या एका खिडकीकडे बोट दाखवलं. हसली नाही. बराच वेळ तशीच उभी राहिली, इतका की आईनेच तिचा हात खाली घेतला. पोरीचा चेहरा त्या वेळी पोरीचा वाटला नाही, असं तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, मुलांचे खेळ असतात. तिने हो म्हटलं, पण तिला ते पटलं नाही.

त्या सुमाराला संघाला बरीच वर्षं पूर्ण होत होती आणि समारंभ ठरला होता. संघाचे अध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक. मोठा हौशी माणूस, कोणालाही दुखवायचं नाही हे त्यांचं धोरण. संघाची कामं म्हणजे खेळांच्या स्पर्धा, बक्षिसं, शाळेच्या बागेत झाडं. त्यांनी चिटणीसबाईंवर काम सोपवलं होतं की समारंभात संघाचा इतिहास सांगायचा, थोडक्यात आणि हसतखेळत. तिला तर इतिहासाचा पत्ताच नव्हता. म्हणून ती रविवारी मोठ्या बाईंकडे गेली.

मोठ्या बाई शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. निवृत्त होऊनही जमाना झाला होता. शाळेमागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. ऐकायला कमी यायचं, पण समोरच्याच्या तोंडाकडे बघून सगळं समजायचं. तिने विषय काढला तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, इतिहास हसतखेळत सांगण्यासारखा नाही.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा तळघरातही वर्ग भरायचा आणि वर्गात कोळशाची शेगडी असायची. खिडक्या थंडीत पट्ट्या ठोकून बंद करायचे. त्या वर्गात एक मुलगी होती, एकट्या आईची एकुलती एक. तिची आई धुलाईच्या कारखान्यात कामाला जायची. मुलगी घरी सांगायची, वर्गात गरगरतं. आई शाळेच्या फाटकाशी येऊन विनवायची, खिडकी उघडा. पालकांनी फाटकाच्या आत यायचं नाही असा तेव्हाचा दंडक. शिपाई तिला हाकलून द्यायचा. एका दुपारी शाळा सुटली, मुलं उठली, ती मुलगी बाकावर डोकं टेकून तशीच राहिली. पोरांना वाटलं झोपली.

शाळेने सांगितलं, हृदय नाजूक होतं.

पुढच्या सोमवारी मुलांच्या आधी आया आल्या. धुलाईवाल्या, शिवणवाल्या, दोघी-तिघी चांगल्या घरच्याही. फाटक ढकलून थेट तळघरात उतरल्या आणि मुलांच्या बाकांवर बसल्या. गुडघे बाकात मावत नव्हते. कोणी आरडाओरडा केला नाही, घोषणा नाहीत. हेडमास्तरांनी दम दिला, त्या बसून. शेवटी हेडमास्तरांनी सगळ्यात तरुण शिक्षिकेला पाठवलं, जा, बायकांना बायकाच समजावतील.

"मी गेले," मोठ्या बाई म्हणाल्या. "काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. पण तिथे दार लावून पाच-दहा मिनिटं उभी राहिले आणि माझंच डोकं गरगरायला लागलं. मग मी पण बसले."

संघ असा सुरू झाला होता. आयांच्या नावापुढे शिक्षकांचं नाव जोडलं गेलं ते त्या दिवशी. बाईंची नोकरी जाता जाता राहिली. शेगडी गेली, तळघर बंद झालं, वरच्या सगळ्या वर्गांना उघडणाऱ्या खिडक्या आल्या. वर्षातून एकदा डॉक्टर येऊन मुलं तपासू लागले. आणि एक नियम झाला, की कोणत्याही पालकाला कोणत्याही वर्गात, परवानगी न मागता, जाऊन बसता येईल. तो नियम कोणी रद्द केला नव्हता. लोक विसरून गेले होते एवढंच.

ती मुलगी गेल्यावरही तिची आई संघाच्या प्रत्येक बैठकीला यायची. मागे बसायची, हवेबद्दल विचारायची. नंतर आलेल्या कोणा अध्यक्षांनी एकदा तिला म्हटलं, बाई, तुमचं मूल तर या शाळेत नाही. ती म्हणाली, मी पालकच आहे. मग मरेपर्यंत तिला कोणी काही विचारलं नाही.

ठकीच्या आईने कप खाली ठेवला. ती मुलगी बसायची कुठे, असं तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"तिसऱ्या बाकावर. खिडकीशी." बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "का गं? तळघर उघडलं की काय त्यांनी?"

तिने मान डोलावली.  बाईंनी उठून आपल्या घरातली खिडकी उघडली, आणि थंड वारा येत असताना दोघी तशाच बसून राहिल्या.

सकाळी उठल्या उठल्या तिने अध्यक्षांना फोन केला. बॉयलर तपासायला माणूस बोलवा म्हणाली. ते म्हणाले, समारंभ होऊन जाऊ दे, आता खोदकाम कशाला. मग तिने दवाखान्यात कळवलं की आज येत नाही, आणि ठकीचा हात धरून शाळेत गेली. नवीन बाईंना तिने तो जुना नियम सांगितला. बाई गोंधळल्या, पण अडवलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला होता आणि सकाळीच थकल्यासारख्या दिसत होत्या.

बसायला जागा एकच मोकळी होती. ती तिसऱ्या बाकाकडे निघाली तसे सगळे डोळे तिच्यावर खिळले. कोणी हसलं नाही, कुजबुजलं नाही. ठकीने तेवढं हळूच सांगितलं, "आई, जरा सरकून बस. तिला जागा ठेव."

ती सरकून बसली. गुडघे बाकात मावले नाहीत.

धडा सुरू झाला. भिंतीपलीकडे घुरघुर चालू होती. वरून पाय जात होते, येत होते. काचेला आतून धुकं धरलं होतं. आधी तिला उबदार वाटलं, मग कानशिलं ठणकू लागली, मग बाईंचा आवाज लांब गेला, विहिरीतून आल्यासारखा. आपण आता उठावं असं तिच्या मनात आलं, पण त्या विचाराला घाई नव्हती. सगळंच छान, जड आणि मऊ झालं होतं. डोकं टेकावं असं वाटलं. तिने हात दुमडून बाकावर ठेवले.

तेव्हा तिच्या हनुवटीला कोणीतरी धरलं. लहानसा हात, गार, थोडा ओलसर. दवाखान्यात ती रोज मुलांची हनुवटी जशी धरते, तसाच. त्याने तिचं तोंड खिडकीकडे वळवलं, आणि वळवल्यावर सोडलं नाही.

अंगावर सर्रकन काटा आला आणि त्या काट्यानेच ती जागी झाली. शेजारी कोणी नव्हतं. ती उभी राहिली. खिडकीला कडी नव्हती, मूठ नव्हती, नुसती काच. तिने बाईंची खुर्ची उचलली आणि काचेवर घातली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा काच खळकन खाली आली आणि वारा आत घुसला.

"सगळे बाहेर," ती म्हणाली. "दप्तरं राहू द्या. पळा."

मुलं उठली. किंचाळली नाहीत, कसलीही गडबड केली नाही, जणू वाटच बघत होती. नवीन बाई दाराला धरून त्यांना बाहेर ढकलत होत्या. पुढच्या बाकावर एक मुलगी डोकं टेकून होती, ती उठली नाही. ठकी दारात आईची वाट बघत उभी राहिली. आईने तिला नुसतं "जा" म्हटलं आणि त्या दुसऱ्या मुलीला खांद्यावर टाकून जिन्याने वर नेलं. ते अंगणापर्यंतचं अंतर तिच्या पायांना पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. उघड्यावर ठेवल्यावर मुलगी हलली, खोकली आणि रडू लागली. तिचं रडणं ऐकून नवीन बाई मुलं पुन्हा एकदा मोजू लागल्या.

तपासाला माणसं आली. बॉयलरच्या धुराड्यात पक्ष्यांनी घरटी करून ते पार बुजवून टाकलं होतं आणि विषारी हवा भिंतीतल्या फटींतून वर्गात झिरपत होती. जुन्या खिडक्यांतून तरी ती थोडी निघून जायची. नव्या खिडक्यांनी ती वाटही बंद केली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी असंही सांगितलं की या हवेने मेंदूला भास होतात, माणसं दिसतात, स्पर्श जाणवतात. ते ऐकून पालकांचा जीव भांड्यात पडला. सगळ्या मुलांना एकच मुलगी कशी दिसली, हे कोणी विचारलं नाही. ठकीच्या आईनेही नाही.

समारंभ झाला नाही. त्या जागी बैठक झाली, इतकी गर्दीची की लोक भिंतीला टेकून उभे होते. मोठ्या बाईंना खुर्चीत बसवून आणलं. अध्यक्ष उभे राहिले, कागद काढला, परत खिशात ठेवला. खिडक्यांची कल्पना माझी होती, एवढंच ते बोलू शकले. कोणी त्यांच्याकडे राजीनामा मागितला नाही. मोठ्या बाईंनी त्यांना आपल्याजवळ बसवून घेतलं. त्या बैठकीत ठरलं, की बॉयलर इमारतीबाहेर हलवायचा, आणि दर आठवड्याला कोणीतरी पालक कुठल्या ना कुठल्या वर्गात जाऊन बसेल.

ठकीचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला. डोकेदुखी थांबली. खालच्या मजल्यावरची मंडळी पुन्हा तक्रार घेऊन आली आणि आईने त्यांना चहा पाजला. मनात एक गोष्ट मात्र टोचत होती. एका संध्याकाळी ठकीचे केस विंचरताना तिने विचारलंच, की ती आता कुठे बसते.

"ती नाही येत आता."

"गेली?"

"हो. दुसऱ्या शाळेत," ठकी म्हणाली. आई, दुखतंय, असं म्हणून तिने डोकं बाजूला घेतलं, कारण कंगवा एकाच जागी घट्ट रुतून बसला होता.

कुठल्या, ते ठकीला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई औषधांच्या दुकानात गेली आणि अध्यक्षांना ठकीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते हसतील अशी तिने मनाची तयारी केली होती. त्यांनी दुकान नोकरावर सोपवलं आणि कोट चढवला. त्या हिवाळ्यात दोघं गावातल्या सगळ्या शाळांतून फिरली. कुठे चहा मिळाला, कुठे कानावर हात ठेवले गेले, एका ठिकाणी तर चक्क दार लावून घेतलं. दोघंही चिकाटीने पुन्हा पुन्हा जात राहिली. हळूहळू त्या त्या शाळेतले पालक सोबत येऊ लागले.

नदीपलीकडच्या शाळेत छोट्यांच्या वर्गाखाली बॉयलरचा पाइप तडकलेला सापडला. त्याच दिवशी वर्ग रिकामा केला. कोणाला काही झालं नव्हतं, दोन-तीन मुलांना नुसती मळमळ. ती सगळी अंगणात कोवळ्या उन्हात उभी होती, गालांना रंग चढत होता.

अध्यक्षांना राहवेना. ते एका चिमुरडीसमोर वाकले आणि तिला काही विचारणार, एवढ्यात ठकीच्या आईने त्यांच्या कोटाची बाही धरली.

"नको," ती म्हणाली. "खेळू दे त्यांना."

ते सरळ झाले. दोघं फाटकातून बाहेर पडली आणि पूल ओलांडून पुढच्या शाळेकडे निघाली.