आपसूक लागलेला फोन

कृष्णनाथाचा फोन बिघडला नव्हता, बिघडले होते त्याचे इअरफोन. पण हे पटवून घेण्याइतका शहाणा कृष्णनाथ नव्हता. गळ्यात वायर अडकवून तो कुळागरात पोफळींना पाणी लावायचा, कानात सखारामाने पेटीवर वाजवून दिलेलं पद चालू असायचं, आणि ऐन तानेच्या तोंडाशी पद बंद पडायचं. कधी पुढचंच गाणं सुरू व्हायचं. कधी फोनातली बाई मध्येच विचारायची, मी आपली काय मदत करू? हा आपला सूर लावून उभा, आणि बाई म्हणायची, माफ करा, समजलं नाही. बायकोला, गंगाला, हसू आवरायचं नाही.

यातली सगळ्यात वाईट खोड म्हणजे शेवटचा नंबर आपसूक लागायचा. आणि कृष्णनाथाचा शेवटचा नंबर नेहमी सखारामाचाच असायचा.

सखाराम म्हणजे गावातला किराणा दुकानदार, पेटीवादक आणि जत्रेच्या नाटकाचा दिग्दर्शक. मोप्याच्या सड्याखालच्या या गावात देवीच्या जत्रेला गावकऱ्यांनीच नाटक करायचं, हा देवीपुढचा नेम. त्यात राजाचं काम कित्येक वर्षं कृष्णनाथाकडे होतं. बसवर कंडक्टर असताना तो रजा टाकून तालमी करायचा. आता निवृत्त झाल्यावर तर वर्षभर त्याला दुसरं काही सुचायचं नाही. तालीमही त्याच्याच घरामागच्या मांगरात व्हायची. गुरं गेल्यापासून मांगर रिकामा होता, तो त्याने शेणाने सारवून, दिवे लावून नाटकाला दिला होता.

"तुझो फोन माज्यार भुललो दिसता," सखाराम म्हणायचा. "काडयेक कापूस गुंडाळ आणि त्या बुराकातलो कचरो काड."

कृष्णनाथाने कापसाने भोक साफ केलं. खिशातल्या सुताचा एवढासा बोळा निघाला, चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. मुलाने, गौरेशने, सेटिंगमध्ये जाऊन त्या बाईचं तोंड बंद केलं. गौरेश विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता आणि तालमीत तबला वाजवायचा. बाई गप्प झाली, फोन लागायचे ते लागतच राहिले. शेवटी पेडण्याच्या बाजारातल्या मोबाइलवाल्या स्वप्नीलने वायर वाकवून दाखवली. पिनेपाशी ती आतून तुटली होती, वायरीवरच्या बटणात घाम मुरला होता. हलली की फोनाला वाटायचं, कोणीतरी बटण दाबलं.

"काका, हे उडवा आणि नवे घेया," तो म्हणाला.

कृष्णनाथाने उडवले नाहीत. गौरेशने पहिल्या पगारातून आणलेले होते ते. पोराने आपल्या गाण्यासाठी काहीतरी आणलं, याचं त्याला फार अप्रूप होतं. त्याने पिनेवर चिकटपट्टी गुंडाळली आणि गात राहिला.

एके दिवशी सकाळी तो पाटाचा बांध फोडत होता. कोपरापर्यंत चिखल. पद थांबलं आणि कानात रिंग वाजायला लागली. नेहमी तो घाईघाईने कापायचा, आज हात धुईपर्यंत सखारामाने उचललासुद्धा. 'परत लागलो मरे तुझो फोन' हे ऐकायच्या तयारीने कृष्णनाथ हसतच होता.

"कोणाचो?" लांबून आवाज आला. गौरेशचा. कामावर जाताना तो दुकानात चहाला थांबायचा.

"तुझ्या बापाशीचो. आपसूक लागता. कापलो तर परत वाजता, म्हणान उचलून ठेवतंय. रवांदे थंय." फोन फळीवर ठेवल्याचा खट्ट आवाज. "तर कुडाळचो पोरगो आयतवारी येता. राजाचां काम पुराय पाठ आसा त्याचां. आवाज म्हणजे काय सांगू तुका!"

"बाबांका सांगलास?"

"मी खंय सांगू? तू झील त्याचो, तू सांग."

"आताच नको, सखाकाका. आता सांगलां तर रुसान बसतले. मांगर त्यांचो. तालीम खंय करतलास मगे? पोस्टर लागांदेत, मगे सांगया." जरा थांबून तो म्हणाला, "माका तर त्यांका साथ करताना लाज दिसता. वरचो सूर लागनाच."

"गावंदे बिचाऱ्याक तोपर्यंत," सखाराम म्हणाला आणि दोघेही हसले.

कृष्णनाथाने फोन कापला नाही. कापायचं सुचलंच नाही. कोणीतरी तांदूळ मागितले, सखारामाने माप ओतलं, ते सगळं तो ऐकत उभा राहिला. पाटाचं पाणी फुटून भलतीकडे गेलं तरी त्याला दिसलं नाही. आवाज गेला असता तर त्याने सोसलं असतं. गळा आहे, वयाबरोबर जायचाच. पण रोज संध्याकाळी पद संपलं की सखाराम डोळे मिटून "वा!" म्हणायचा. ते "वा!" घेऊन कृष्णनाथ झोपायचा. दोघांनी मिळून केसाने गळा कापला होता, आणि त्यातला एक पोटचा होता.

संध्याकाळी तालीम भरली. कृष्णनाथ उभा राहिला, पद म्हणाला. वरच्या सुरापाशी आज त्याचं त्यालाच ऐकू आलं, आवाज खाली घसरला. सखारामाने डोळे मिटले.

"वा! कृष्णनाथ, वा!"

"सखाराम," कृष्णनाथ म्हणाला, "कुडाळचो पोरगो आयतवारी किती वाजता येता?"

पेटीचा भाता अर्ध्यावर राहिला. कृष्णनाथ वाट बघत होता. कोणीतरी म्हणावं, कसला पोरगा, कोणी भरवलं तुझ्या डोक्यात. खोटं म्हटलं असतं तरी त्याने त्या क्षणी आनंदाने मानलं असतं.

"तुका कोणी सांगलां?" सखाराम म्हणाला, आणि गौरेशकडे बघितलं.

"मी नाय सांगूक," गौरेश घाईने म्हणाला.

"फोनान सांगलां," कृष्णनाथ म्हणाला. "सकाळी. तुमी दोघांय हसलास ते पण."

गौरेशने मान खाली घातली. सखारामाचा चेहरा मात्र बदलला. "म्हणजे तू फोन चालू ठेवून आमचां चोरून ऐकलंस?" आवाज चढला. "इतक्या वर्सांची दोस्ती, आणि ह्यां काम केलंस?"

मांगरात कुजबुज झाली. प्रधान झालेला नारायण म्हणाला, तसां ऐकूक नको होतां. दुसऱ्या कोणीतरी मान डोलावली. कृष्णनाथ सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. कुडाळच्या पोराचं नाव ऐकून यातला एकही दचकला नव्हता.

तो दाराकडे वळला तसा सखाराम उठून मागे आला. आवाज आता मऊ होता.

"रागान काय बोलू नको. मांगर तेवढो जत्रेपर्यंत रवांदे. देवीचां काम आसा ह्यां."

नाही म्हणायची सोय नव्हती. देवीच्या नाटकात खोडा घालणारा म्हणून गावात तोंड दाखवायची पंचाईत झाली असती, आणि सखारामाला ते पक्कं ठाऊक होतं. कृष्णनाथ फक्त म्हणाला, "रवांदे."

रविवारी कुडाळचा पोरगा आला. कृष्णनाथ स्वयंपाकघरात पाटावर बसला होता. पद सुरू झालं आणि वरच्या सुरावर जाऊन तिथेच स्थिर राहिलं. गंगा उठली आणि मांगराकडचं दार लावायला गेली.

"उघडां आसांदे," तो म्हणाला.

गाण्याबद्दल त्याला राग येईना, गाणं खरंच चांगलं होतं. तो तबला ऐकत होता. गौरेश आज मोकळा, खुशीत वाजवत होता, समेवर येताना हसतसुद्धा असावा. आपला मुलगा इतकं सुंदर वाजवतो, हे कृष्णनाथाला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.