बादशहासाठी गवत

गवत कोणतं लावायचं, यावर नाझनीनबाईंनी मच्छिंद्रचा पुरा एक तास खाल्ला होता. भिंगारच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई; प्रश्न विचारायची सवय हाडीमाशी खिळलेली. मेक्सिकन मऊ असतं म्हणतात, मग ते का नको? बादशहा त्याच्यावर लघवी करेल, तर जळेल का? पोटाला टोचणार तर नाही?

बादशहा म्हणजे त्यांचा कुत्रा. बाईंच्या नवऱ्यानं, अझीमसाहेबांनी आणलेला, आणि साहेब वारल्यावर बाईंची दारात बसून वाट बघणारा. नमाजाचं घर म्हणून तो अंगणातच असायचा. उन्हाळ्यात तिथली फरशी अशी तापायची, की बिचारा एक एक पाय उचलत उभा राही. त्याच्यासाठीच हा सगळा घाट.

मच्छिंद्रनं भरभरून सल्ला दिला. "मेक्सिकन दिसाया देखनं, बाई, पर लई नाजूक. कुत्रं दोनदा मुतलं की पिवळं चट्टं. तुमी सिलेक्शन घ्या. हरळीच्या जातीचं हाय. कितीबी तुडवा, जळलं तर परत फुटतंय. त्यानं मुतलं की लगीच त्या जागंवर पानी मारायचं, बस."

सल्ला सोळा आणे खरा होता. मच्छिंद्र शेवगावकडचा, बारा वर्षं ऊस तोडून मग या माळीकामाला लागलेला. बाईंनी जे जे विचारलं, त्याचं त्यानं बरोबर उत्तर दिलं. मातीत काय घालणार, हे त्यांनी विचारलं नाही, आणि ते सांगावं असं त्याच्याही मनात आलं नाही. उसाची मुळं हुमणीच्या अळ्यांनी कुरतडलेली ज्यानं पाहिली, तो शेणखत औषधाशिवाय जमिनीत घालतच नाही. हाडांचा चुरा, शेणखत आणि गावाकडून आणलेलं, कीड मारायचं दाणेदार औषध, असं कालवून त्यानं गवताखाली पसरलं. त्या औषधावर बंदी आलीये हे त्याला ठाऊक होतं. पण गुण येतो ना, मग झालं, असा त्याचा हिशेब.

नवव्या दिवशी सकाळी अकराला बाईंचा फोन आला. "मच्छिंद्रभाऊ, हे गवत कुत्र्याला बाधतं का हो?"

"न्हाई बाई. गवतानं काय बी हुत न्हाई," तो म्हणाला. खोटं एक अक्षर नव्हतं, पण गवताखाली घातलेलं औषध त्याला आठवलं.

तो गाडी काढून गेला. बादशहा आडवा पडला होता. तोंडातून लाळेची धार, अंगभर थरथर. जनावरांचे डॉक्टर त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारत होते. बाई जमिनीवर बसल्या होत्या आणि बादशहाचं लाळेनं भिजलेलं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

"विषबाधा आहे," डॉक्टर म्हणाले. "काय खाल्लं ते कळलं, तर नेमका उतारा देता येईल. आठवा, बाई."

"घरचं सोडून काही खात नाही तो." बाई म्हणाल्या. "गवत तर भाऊंना विचारून, पारखून घेतलं."

कोपऱ्यात गवताचा तुकडा उपसलेला होता. हाडाच्या वासानं बादशहानं तिथं हातभर उकरून माती चाटली होती. ते फक्त मच्छिंद्रला दिसलं. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. भिंगारमधली पुढची सगळी कामं बाईंच्या एका शब्दावर मिळणार होती. त्याला स्वतःची किळस आली.

"डॉक्टर, मी घातलंय," तो म्हणाला आणि त्यानं औषधाचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी शिवी दिली आणि बॅगेतून दुसरी कुपी काढली. एक सुई झाली, थोड्या वेळानं दुसरी. बाईंनी मच्छिंद्रकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते त्याला थोबाडीत बसल्याहून जास्त लागलं. अर्ध्या तासानं थरथर कमी झाली.

"संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही," डॉक्टर हात धूत म्हणाले. मग वळले. "आणखी कुठं घातलंयस हे?"

मच्छिंद्रला आठवलं. पाइपलाइन रोडला, रंगनाथसरांच्या बंगल्यात. गेल्या आठवड्यातच. त्यानं खिशातून मोबाईल काढला. तिसऱ्या रिंगला सरांची सून सुकन्या बोलली.

"अहो भाऊ, तुमचीच आठवण काढली आत्ता! काय सुंदर आलंय लॉन. आमचं रांगतं पिल्लू घरात यायचं नावच घेत नाही, सारखं माती उकरून..."

"ताई, बाळाला उचला," मच्छिंद्र ओरडला. "आदी त्याला उचला, तोंड बगा त्याचं. मंग सांगतो."