एक बोट जागा

"खुर्चीवर चढू नकोस," विष्णू फोनमध्ये म्हणाला. "लतिका, ऐक माझं. अजिबात चढायचं नाही."

"मग हे बंद कोण करणार? सकाळपासून दर मिनिटाला टुक करतंय. डोकं उठलंय माझं."

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या त्यांच्या टाउनहाउसमध्ये छताला लावलेल्या स्मोक डिटेक्टरची बॅटरी संपत आली होती. त्याचं ते टुक विष्णूला जपानातल्या एका डोंगरवाटेवर, चिखलात उभं राहून, अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. नवी बॅटरी ओट्याच्या डावीकडच्या खणात होती. दोन मिनिटांचं काम. पण तेवढंही त्याच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

"शेजारच्या सुवर्णाकाकूंना बोलाव ना."

"किती वेळा बोलवू? काल बीपी चेकला त्यांनीच ड्राइव्ह केलं, आज भाजी आणून दिली. तुझ्या व्हिसाचं काही कळलं का?"

"सोमवारी बघू म्हणाले."

"मागच्या सोमवारीही हेच म्हणाले होते." मग तिलाच वाईट वाटलं असावं. "जाऊ दे. तू खाल्लंस का काही?"

विष्णू खंडारे हा कुणाच्या लक्षात न राहणारा माणूस. अकोल्याच्या शाळेत हजेरी घेताना मास्तर त्याचं नाव गाळून पुढे जायचे आणि हाही बिचारा हात वर करायचा नाही. पुढे तो टेस्टर झाला, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा पगार घेऊ लागला. ऑफिसने दोन आठवड्यांसाठी टोकियोला पाठवलं, तेव्हा त्याने हिशेबी डोकं चालवलं. पासपोर्टवर अमेरिकेच्या व्हिसाचा नवा शिक्का हवाच होता. आलोच आहोत तर इथेच मारून घेऊ, भारताची एक फेरी वाचेल. वकिलातीत खिडकीपलीकडच्या बाईने पासपोर्ट ठेवून घेतला आणि एक पिवळा कागद हातात दिला. नावाची तपासणी चालू आहे, म्हणाली. जन्मात कुणी ज्याच्या नावाची दखल घेतली नाही, त्याच्या नावाची आता एक महासत्ता पाच आठवडे तपासणी करत होती. डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेला बारा दिवस उरले होते. लतिकाला आई नव्हती, आणि विष्णूच्या आईचे गुडघे विमानापर्यंतही न्यायच्या लायकीचे राहिले नव्हते.

"झालं बोलून?" अतुल पुढून ओरडला. "चल यार, अजून तासभर चढउतार आहे. मग मोठा बुद्ध, मग समुद्र."

अतुल मूळचा पुण्याचा, टोकियोत आठ वर्षं मुरलेला. खोलीत बसून वेड लागेल तुला, असं म्हणत त्याने आज विष्णूला कामाकुराला ओढून आणलं होतं. गावात सगळी देवळंच, आणि स्टेशनपासून डोंगरातून चालत समुद्राकडे उतरायचं. प्रत्येक देवळाची माहिती अतुल न विचारता देत होता आणि विष्णू हूं हूं करत होता.

गेल्याच आठवड्यात अतुल भारतातून परतला होता. सकाळी स्टेशनवर त्याने विष्णूच्या आईने पाठवलेली पिशवी दिली. आत जुन्या मऊ लुगड्याच्या शिवलेल्या दोन कुंच्या होत्या, लाल काठाच्या. सोबत वहीच्या पानावर चार ओळी. 'एक अंगात, एक धुण्यात. गळ्याशी नाडी आवळू नको. एक बोट जाईल एवढी जागा ठेव.' विष्णूने ट्रेनमध्ये ते पान तीनदा वाचलं होतं.

डोंगर उतरून ते समुद्राकडच्या एका देवळाशी आले, तेव्हा दोन वाजून गेले होते. अतुलला भूक आवरेना. "तू आत बघून ये. मी खाली रस्त्यावर नूडल्स खातो, माझं शंभरदा बघून झालंय," म्हणून तो गेला, आणि न विचारता माहिती देणारा माणूस नेमका तेव्हाच जवळ नव्हता.

पायऱ्यांच्या वर विष्णू थबकला. शेकडो दगडी मुलं ओळीने उभी होती. वीतभर उंचीची, गोल टकलाची, डोळे मिटून हसणारी. कुणाच्या गळ्यात लाल लाळेरं, कुणाच्या डोक्यावर विणलेलं टोपडं. कुणापुढे भिरभिरं ठेवलेलं, कुणापुढे दुधाची बाटली. विष्णूला एकदम गावाबाहेरची सटवाई आठवली. तिलाही लोक पाळणे वाहतात, झबली वाहतात, लेकरू सुखरूप राहू दे म्हणतात. देव कुठलाही असो, आईबापांचं मागणं एकच असतं, असं त्याच्या मनात आलं आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी करता येण्यासारखं दिसलं.

कडेच्या एका मूर्तीच्या अंगावर काहीच नव्हतं. त्याने पिशवीतून एक कुंची काढली, मूर्तीला घातली आणि घाईघाईने नाडीची गाठ मारली. हात जोडले. "मला पोचू दे," म्हणाला. मग लाजून दुरुस्ती केली, "मी नाही पोचलो तरी चालेल. ती दोघं नीट राहू देत."

साडेतीनला दोघं वाळूत बसले असताना फोन वाजला. सुवर्णाकाकू होत्या.

"विष्णू, घाबरू नकोस. लतिकाचं बीपी फार वाढलंय. आम्ही हॉस्पिटलला आणलंय. डॉक्टर म्हणतात, थांबता येणार नाही. बाळाचे ठोके जरा... तिला नेताहेत आत. दोन शब्द बोल."

"लतिका," विष्णू म्हणाला. "मी देवाला कुंची वाहिलीये. आईची. सगळं नीट होईल."

"बॅटरी काकांनी बदलली," ती पलीकडून म्हणाली, आणि फोन बंद झाला.

अतुलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होईल रे नीट. पण कुंची कुठल्या देवाला वाहिलीस?"

"त्या छोट्या मूर्ती आहेत ना वर, बाळांच्या."

अतुलने खांद्यावरचा हात काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही."

"अतुल, सांग."

"त्या... गेलेल्या मुलांच्या आहेत. जन्माआधीच गेलेल्या. आईबाप येऊन ठेवतात." मग लगेच, "अरे पण तुला काय माहीत? असं काही नसतं यार. मी बोलायलाच नको होतं."

विष्णू उठून पळत सुटला होता. वाळूतून, रस्त्यावरून, चढावरून. देवळाचं दार बंद होत होतं. झाडू घेतलेल्या म्हाताऱ्या बाईने मान हलवली. तिची भाषा त्याला येत नव्हती. त्याने पिशवीतली दुसरी कुंची काढून तिच्यापुढे धरली. बाईने त्या चिमुकल्या कपड्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि बाजूला सरून त्याला खाली वाकून नमस्कार केला. ती काय समजली, हे त्याच्या ध्यानात आलं. तसाच तो वर गेला.

समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. सगळी भिरभिरी गरगरत होती. कडेच्या मूर्तीच्या कुंचीची नाडी वाऱ्याने सुटली होती आणि कुंची एका खांद्यावरून घसरली होती. नुसतं ओढलं असतं तरी हातात आली असती.

त्याने हात पुढे केला. फोन खिशात गप्प होता. मूर्तीचा दगडी गळा गार पडला होता. ही मूर्ती ज्यांनी ठेवली, तेही कधीतरी कुणाला तरी म्हणाले असतील की नीट होईल सगळं. पावसाळी उघड्या आभाळाखाली कुणाच्याही लेकराच्या अंगावरून कपडा काढायचा म्हणजे काय, ते त्याच्याने होईना. हात तसाच राहिला.

बऱ्याच वेळाने त्याने घसरलेली कुंची वर सारली, दोन्ही कानांवरून नीट घेतली आणि नाडी पुन्हा बांधली. मग गळ्याशी बोट घालून पाहिलं. आताही आवळलीच गेली होती. त्याने गाठ सोडली आणि एक बोट जाईल एवढी जागा ठेवून परत मारली.